विसाव्या अक्षांशावरची शिवण

नाशिक शहराचं जुनं टोपोशीट मागितलं की एका कागदावर भागत नाही, दोन घ्यावे लागतात. एकावर क्रमांक ४६ एच/१६, दुसऱ्यावर ४७ ई/१३. रामकुंड, काळाराम, पंचवटी पहिल्या कागदाच्या अगदी तळाशी. नाशिकरोड, देवळाली दुसऱ्याच्या वरच्या अंगाला. विसावा उत्तर अक्षांश शहराच्या अंगावरून जातो आणि नकाशे छापणाऱ्यांनी नेमका तिथेच कागद कापला. त्यात कुणाचा दोष नाही. पृथ्वीवर चार-चार अंशांचे चौकोन आखले, त्यांतल्या एका रेघेवर आपलं गाव आधीपासूनच वसलेलं होतं.

संस्थेचा इतिहास म्हटलं की संस्थापकांचे फोटो, पहिल्या सभेचं इतिवृत्त आणि देणगीदारांची यादी हवी. या स्मरणिकेसाठी मी निवडलेल्या संस्थेकडे यांतलं देणगीदार सोडून सगळं आहे, फक्त ती नाशिकची नाही. भारतीय सर्वेक्षण विभाग, म्हणजे आपण ज्याला बोलताना ‘सर्व्हे ऑफ इंडिया’ म्हणतो, त्याचं मुख्यालय डेहराडूनला. पण डोंगर हिंडणाऱ्या, लेणी शोधणाऱ्या, धरणाखाली गेलेलं आजोळ नकाशावर धुंडाळणाऱ्या किती नाशिककरांच्या पिशवीत या संस्थेचा कागद चार घड्या घालून पडलेला असतो! आपल्या स्मरणिकेत तिला दोन पानं देणं लागतोच.

संस्था जन्मली १७६७ साली, बंगालमध्ये. क्लाइव्हने जेम्स रेनेलला सर्व्हेअर जनरल नेमलं आणि कंपनी सरकारच्या ताब्यात आलेला मुलूख मोजायला सुरुवात झाली. त्या वेळी इकडे पेशवाई होती आणि नाशिक मोजण्याचं इंग्रजांना काही कारण नव्हतं. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टनने मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे न्यायला घेतली. एक बाजू साखळीने मोजायची, पुढचे सगळे त्रिकोण डोंगरमाथ्यांवरून कोन घेऊन सोडवायचे, अशी ही रीत. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट खांद्यावर वाहून नेणारी माणसं आणि एकेका कोनासाठी दिवसचे दिवस धुकं सरण्याची वाट बघणारे अधिकारी. लॅम्ब्टन त्याच कामावर असताना १८२३ मध्ये आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारला. या संस्थेच्या एका मूळ पुरुषाची समाधी महाराष्ट्राच्या मातीत आहे, हे डेहराडूनला जितकं ठाऊक असेल तितकं आपल्याला नसतं.

नाशिक त्यांच्या कागदावर आलं ते १८१८ नंतर, आणि आलं किल्ल्यांच्या वाटेने. लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेलच्या तुकडीने अंकाई-टंकाई, राजदेहेर, धोडप करत एप्रिलमध्ये त्र्यंबक घेतला. त्र्यंबक पडल्यावर आणखी सतरा किल्ले न लढता स्वाधीन झाले. एवढे किल्ले एकदम पदरात पडल्यावर प्रश्न उभा राहिला, त्यांचं करायचं काय? कॅप्टन ब्रिग्जने त्याच साली ते हिंडून पाहिले. पाणी किती, तट कसा, पायऱ्या किती, दरवाजे किती, अशा नोंदी केल्या. पुढे कित्येक ठिकाणी त्याच पायऱ्या सुरुंगाने उडवल्या गेल्या. आपण आज त्या तुटक्या पायऱ्यांशी दोर लावून चढतो आणि गडाची माहिती ब्रिग्जच्या नोंदींतून घेतो. ज्यांनी वाट मोडली त्यांच्याच वहीतून वाट शोधायची, हा या सगळ्या जुन्या कागदांचा स्वभाव आहे. तो मान्य करूनच ते वाचावे लागतात.

सुरुवातीचे नकाशे चार मैलांना एक इंच अशा प्रमाणाचे. त्यांत डोंगर म्हणजे बारीक बारीक रेघांचे केसाळ सुरवंट. चढ तीव्र तितक्या रेघा दाट. सह्याद्रीची मुख्य धार आणि तिच्यापासून पूर्वेकडे फुटलेली सातमाळा रांग त्यांत ओळखू येते, पण कुठल्या घळीतून वर चढता येईल ते कळत नाही. मोजणाऱ्यांना डोंगर हवा होता तो वर उभं राहून लांबचं दिसावं म्हणून. गंगेच्या सपाट खोऱ्यात त्यांना त्यासाठी मनोरे बांधावे लागले, आपल्याकडे ते काम सह्याद्रीने फुकट करून दिलं. माथ्यावरच्या कातळात वर्तुळ आणि मधोमध टिंब कोरायचं, वर दगड रचायचे आणि ती खूण जवळच्या गावच्या पाटलाच्या ताब्यात द्यायची. नकाशावरचा छोटा त्रिकोण आणि त्याशेजारचा उंचीचा आकडा म्हणजे ती जागा.

या आकड्यांचीही गंमत आहे. जुन्या गॅझेटियरात कळसूबाई ५४२७ फूट आहे, आज आपण १६४६ मीटर म्हणतो, म्हणजे ५४०० फूट. सत्तावीस फुटांनी बाई खचल्या नाहीत, मोजणी सुधारली. तरीही जुना आकडा घोकलेला एखादा ज्येष्ठ भिडू चढताना हटकून वाद घालतोच.

याच काळात जमीन मोजणारी दुसरी एक यंत्रणा उभी राहिली होती आणि लोक या दोघींची नेहमी गल्लत करतात. ती महसुली मोजणी. इंदापूर तालुक्यात प्रिंगलची मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ पासून नवी पद्धत बसवली आणि ती मुंबई इलाख्यात पसरत नाशिकच्या तालुक्यांत आली. शंकू आणि साखळी ही तिची हत्यारं. साखळी ३३ फुटांची, तिचे भाग सोळा आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आज गंगापूर रोडला गुंठ्याचा भाव विचारणाऱ्याला आपण दोनशे वर्षांपूर्वीच्या साखळीच्या हिशेबात बोलतो आहोत याची कल्पनाही नसते. टिपण, फाळणी, हद्दीचे दगड, पोटखराबा हे शब्द त्या मोजणीचे.

दोघींची नजर निराळी. टोपोशीटवाला माथ्यावरून खाली बघतो, त्याला नदी, वाट, झाड, चढ दिसतात. भूकरमापक बांधावरून बघतो, त्याला खातेदार दिसतो. महसुली गावनकाशात डोंगर म्हणजे नुसती रिकामी जागा, कारण त्यावर सारा बसत नाही. टोपोशीटात शेत म्हणजे नुसता पिवळा रंग, कारण ते कुणाचं याच्याशी त्याला कर्तव्य नाही. एखाद्या गावाचा जुना इतिहास शोधायचा तर हे दोन्ही कागद मांडीला मांडी लावून बसवावे लागतात. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये खानदेश आणि अहमदनगर यांचे तुकडे जोडून झाला, त्यामुळे त्याआधीचं दप्तर शोधणाऱ्याला आणखी दोन दारं वाजवावी लागतात. एकूण काय, आपल्या नशिबी जोडकामच.

आपण ज्याला ‘इंची नकाशा’ म्हणतो, मैलाला एक इंच, तो या संस्थेच्या कारागिरीचा कळस. १९०५ मध्ये ठरलं की देशाचे जुने नकाशे मोडीत काढून पंचवीस वर्षांत सगळे नव्याने, रंगीत करायचे. केसाळ डोंगर गेले आणि तपकिरी समोच्च रेषा आल्या, पन्नास पन्नास फुटांच्या अंतराने. जंगल हिरवं, शेती पिवळी, वस्ती आणि रस्ते लाल, पाणी निळं. हे काम विमानातून फोटो घेऊन झालेलं नाही. तिपाईवर लाकडी फळी, फळीवर कागद, कागदावर दिशापट्टी ठेवून, समोरचा डोंगर बघत जागच्या जागी नकाशा काढायचा. मागे छत्री धरणारा, पुढे काठी घेऊन पळणारा, दगड रचणारा खलाशी. छापलेल्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात अधिकाऱ्यांची नावं येतात, खलाशांची येत नाहीत. पण ओढ्याचं, टेकडीचं, पाड्याचं नाव काय, हे साहेबाला सांगितलं असणार ते अशाच कुणीतरी, नाहीतर गुरं चारणाऱ्या पोराने. मग ते इंग्रजी कानात शिरून कागदावर उतरलं. चांदवडचं चांदोर, पेठचं पेइंट, नाशिकचं नासिक. मोठ्या गावांची नावं मागाहून सुधारली गेली. डोंगरातल्या छोट्या सोंडा आणि घळी अजून चुकीच्या स्पेलिंगमध्ये अडकून आहेत. त्यांचं खरं नाव हवं असेल तर पाड्यावर जाऊन म्हाताऱ्याला विचारण्याला पर्याय नाही.

नावांच्या बाबतीत मला स्वतःला सर्वांत जास्त भुरळ घालतं ते गोवर्धन. ४६ एच/१२ या कागदावर, गंगापूरच्या शेजारी, चिमुकल्या अक्षरांत छापलेलं गाव. पांडवलेण्यातल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात लिहून ठेवतो की भिक्षूंच्या खर्चासाठी तीन हजार कार्षापणं गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली आहेत, एकीकडे दोन हजार, दुसरीकडे एक हजार. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचं हे गुंतवणुकीचं ठाणं. त्याच लेण्यातल्या त्याच्या दुसऱ्या लेखात त्याने होड्यांची सोय केलेल्या नद्यांची यादी आहे, तापी, दमण, डहाणूका अशी. किनाऱ्यालगतच्या नद्या शब्दांतच मांडून ठेवल्या म्हणा ना. तेच गोवर्धन नाव इंग्रज मोजणीदाराला तिथल्या माणसाने सांगितलं आणि त्याने ते टिपून घेतलं. आज तो रस्ता बंगल्यांनी आणि मंगल कार्यालयांनी भरला आहे, पण पाटीवर नाव तेच.

आता पाण्याकडे वळतो, कारण जुन्या नकाशांचा खरा मामला तिथेच आहे. या संस्थेच्या पद्धतीत ज्या पात्रात पाणी टिकतं ते निळं आणि कोरडं पडणारं पात्र काळं. विहिरींतही बांधीव आणि कच्ची असा भेद. म्हणजे कागद नुसता जमीन दाखवत नाही, त्या हंगामातली तहानही दाखवतो. एकाच जागेची दोन सालांची शीटं शेजारी ठेवली की फरक बोलू लागतो.

दहीपूल घ्या. मेनरोडच्या गर्दीत पूल कुठे आहे, असं नव्या माणसाने विचारलं तर त्याला वेड्यात काढू नका. खाली सरस्वती नाला आहे. जुन्या गावातून गोदावरीला मिळणारा हा ओहोळ झाकला गेला, वर दुकानं, रस्ते आले आणि नावात पूल तेवढा उरला. जोराचा पाऊस झाला की सराफ बाजारात पाणी घुसतं, दुकानदार फळ्या लावतात आणि सगळे गटारांना शिव्या देतात. गटारांचं जे असेल ते असो, पाणी आपल्या जुन्या वाटेनेच आलेलं असतं. सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर नदीकाठच्या पूररेषांवर वर्षानुवर्षं काथ्याकूट झाला. नाले आणि ओहोळ मात्र त्या चर्चेत मागेच राहिले. त्यांच्या वाटा धुंडाळायच्या तर आधी जुने कागदच उलगडावे लागतात.

मात्र या कागदांचीही मर्यादा आहे आणि ती नाशकातच सर्वांत उघडी पडते. नाशिक नऊ टेकांवर वसलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. जुनी गढी, म्हसरूळ टेक, चित्रघंटा, डिंगर आळी, ही त्यांतली. पन्नास फुटांच्या रेषांच्या जाळ्यातून हे टेक माशासारखे निसटतात. पुढे मीटर आले आणि पन्नास हजाराला एक या प्रमाणाच्या शीटांवर रेषेरेषेतलं अंतर २० मीटर झालं, तेव्हा तर बोलायलाच नको. त्यांतल्या जुन्या गढीवर १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं आणि मातीच्या थरांतून हे गाव ताम्रपाषाण काळापर्यंत मागे नेलं. नकाशाला जो चढ दिसलाच नाही, त्याच्या पोटात इतकं होतं. तेव्हा जे कागदावर नाही ते नव्हतंच, असा निष्कर्ष काढणाऱ्याला डिंगर आळीचा चढ सायकलने चढवावा.

गंगापूर धरण १९६५ मध्ये पुरं झालं. त्याआधीच्या कागदावर तिथे जलाशयाचा निळा रंग नाही. गोदावरी वळणं घेत येते, कडेने शेतं, वाटा, वस्त्या. नंतरच्या आवृत्तीत हे सगळं सपाट निळ्याखाली. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी तळाला जातं, तेव्हा जुने बांध आणि वाटा पुन्हा वर येतात आणि त्या जुन्या शीटाशी पडताळून बघता येतात. हे मी दोनदा केलं आहे. दोन्ही वेळा सोबत आलेल्या म्हाताऱ्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते चिखलातून सरळ चालत गेले आणि आपल्या घराच्या जागेवर उभे राहिले.

दारणा धरण त्याहून जुनं, १९१६ चं. त्याच काळात निफाडजवळ गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाखाली नांदूर मधमेश्वरचा बंधारा आला. बांधला तो कालव्यांसाठी. मागे गाळ साठत गेला, उथळ बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि परदेशी पाखरांनी तिथे मुक्काम ठोकला. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. इंजिनिअरच्या दृष्टीने गाळ म्हणजे धरणाचं दुखणं. त्याच दुखण्यावर शंभर वर्षांत भरतपूरशी तुलना व्हावी असं पाणथळ उभं राहिलं. बंधाऱ्याआधीची आणि नंतरची शीटं जोडून बघितली तर ही हकीगत कुणी सांगावीच लागत नाही.

रेल्वेबद्दल थोडक्यात. १८६५ मध्ये थळ घाट खुला झाला, गाडी इगतपुरीवर चढली आणि नाशिकला न शिरता आठ-नऊ किलोमीटर दक्षिणेने निघून गेली. यात्रेकरूला स्टेशनवरून गावात आणायला काही दशकं घोड्यांची ट्रामही धावली. स्टेशनाभोवती नाशिकरोड वाढलं, शेजारी देवळालीची छावणी, मग १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस. देव वरच्या कागदात आणि नोटा खालच्या, अशी आपल्या शहराची वाटणी झाली. तिकिटं छापणाऱ्या याच प्रेसच्या काळात, १९६७ मध्ये, सर्व्हे ऑफ इंडियाच्या द्विशताब्दीचं पंधरा पैशांचं टपाल तिकीट निघालं. ज्या संस्थेने नाशिकचे दोन तुकडे केले, तिचा सत्कार नाशिकरोडच्या शाईने झाला.

पुढची काही दशकं आमच्या पिढीच्या आठवणीतली आहेत. नकाशे सुरक्षेच्या नावाखाली कुलपात होते. मिळाले तरी अर्ज, ओळखपत्रं, प्रयोजन. मग कुणाच्या तरी काकांकडून, कुठल्या तरी कॉलेजच्या भूगोल विभागातून एखादं शीट बाहेर पडायचं आणि त्याची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स फिरायची. तिसऱ्या झेरॉक्सला रंग सगळे काळे. नदी कुठली आणि समोच्च रेषा कुठली ते कळेना. हरिहरच्या मागच्या बाजूला आम्ही एकदा पाणी मिळेल म्हणून ज्या रेघेवर भर उन्हात उतरलो, ती नदी नव्हती, ९०० मीटरची समोच्च रेषा होती. तेव्हापासून शीट हातात आलं की आधी रंगीत पेन्सिलींनी नद्या निळ्या करायच्या, हा आमचा दंडक झाला. ज्यांनी ती निळी शीटं सांभाळून ठेवली आहेत त्यांच्याकडे ती आजही बघायला मिळतात. घडीच्या ठिकाणी मागून मांजरपाटाची पट्टी चिकटवलेली.

कुलूप टप्प्याटप्प्याने उघडलं. २००५ च्या नकाशा धोरणाने सामान्यांसाठी वेगळी खुली मालिका आणि सैन्यासाठी वेगळी मालिका असे दोन भाग केले. २०१७ मध्ये संस्थेला अडीचशे वर्षं झाली आणि ‘नक्शे’ नावाच्या पोर्टलवरून खुली शीटं फुकट उतरवून घेता येऊ लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे करण्या-वापरण्यावरची बरीच बंधनं गेली. दुसरीकडे अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात हिंदुस्थानच्या सर्वेक्षणाच्याच आधारे छापलेली अडीच लाखाला एक प्रमाणाची शीटं टेक्सास विद्यापीठाने केव्हाच सर्वांसाठी खुली केली होती. नाशिकचे डोंगर बघायला ऑस्टिनच्या दारात उभं राहावं लागलं, यावर चिडावं की हसावं ते अजून ठरलेलं नाही.

नव्या मालिकेत क्रमांकांची पद्धत बदलली. ४६ आणि ४७ जाऊन आंतरराष्ट्रीय अक्षरं आली. त्यांत विसाव्या अंशाच्या वरचा पट्टा ‘एफ’ आणि खालचा ‘ई’. अक्षर बदललं तरी शिवण जागच्या जागी. पंचवटी एफ, नाशिकरोड ई.

या शिवणीला जुमानत नाही ती एकटी गोदावरी. ब्रह्मगिरीवर, ४७ ई/९ मध्ये निघते. वर चढून गंगापूरला ४६ एच/१२ मध्ये जाते. रामकुंडाला ४६ एच/१६. टाकळीच्या पुढे परत खाली उतरून दसक-पंचकला ४७ ई/१३ मध्ये येते आणि नांदूर मधमेश्वरला पुन्हा वर, ४६ एल/४ मध्ये. जिल्ह्यातला तिचा हा एवढासा प्रवास बघायला पाच कागद जमिनीवर पसरावे लागतात, आणि कडा कापताना दोन-तीन मिलिमीटर चूक झाली की टाकळीपाशी नदी तुटते. म्हणून आम्ही कडा कापत नाही, दुमडतो.